मुठीचा तांदूळ आणि दुकानाची वही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार बंदराच्या वरच्या अंगाला, सड्यावर, लुथरन पंथाची, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या परंपरेतली, एक लहानशी मंडळी (ख्रिस्ती उपासकांचा समुदाय) रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये जमते. वीस-बावीस घरं असतील. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ही मंडळी अडचणीतल्या घरांना तांदूळ देत असे. काही पावसाळे हे काम बिनबोभाट चाललं. मग मोबाइलवर काढलेल्या एका फोटोवरून ते बंद पडायची वेळ आली, आणि त्यातून सावरताना त्याची रीतच बदलली. ती कशी बदलली, त्याची ही हकिगत. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही थोडे हलवले आहेत. मी या मंडळीचा सभासद नाही. आमचं घराणं चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं, पण आमचं चर्च लांब पडतं, म्हणून बरेचसे रविवार मी इथंच बसतो. हिशेब तपासायला त्यांनी मला बोलावलं, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं.

कोण ही माणसं

कोकणात लुथरन म्हटलं की ख्रिस्ती माणूससुद्धा विचारतो, हे कुठले? या किनाऱ्यावर प्रॉटेस्टंट काम जुनं आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं १८२३ मध्येच बाणकोटला आली आणि बाणकोट-हर्णै भागात त्यांनी शाळा चालवल्या. पण ते स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेगळ्या प्रॉटेस्टंट पंथाचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये जन्मले ते याच जिल्ह्यातल्या करजगावात. त्यांची भजनं या हॉलमध्ये हमखास होतात, पण टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, आणि तीही लुथरन नव्हे. लुथरन परंपरेचा कोकणाशी जुना धागा शोधायचाच तर मान वर करून छपराकडे बघावं लागतं. मंगळूरला १८३४ पासून काम करणाऱ्या बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्या मिशनमध्ये लुथरन आणि रिफॉर्म्ड (प्रॉटेस्टंटांचाच दुसरा प्रवाह) दोन्ही विचारांची माणसं होती. तिथून मंगलोरी कौल किनाऱ्यावर पसरलं. धर्म पोचला नाही तिथंही कौल पोचलं.

आजची ही मंडळी पोटामागे आलेल्यांची आहे. निम्मी घरं झारखंडची, उरांव आणि मुंडा, गोस्नर चर्चमधली. १८४५ साली रांचीला पोचलेल्या चार जर्मन मिशनऱ्यांपासून ते चर्च सुरू झालं आणि १९१९ मध्ये स्वतःच्या पायावर उभं राहिलं. ही माणसं चिरेखाणीत, बांधकामावर आणि काही बोटींवर कामाला आहेत. भेटल्यावर एकमेकांना ‘येशू सहाय’ म्हणतात. तीन-चार घरं आंध्रातल्या गुंटूरकडची, जिथं अमेरिकन लुथरनांनी १८४२ मध्ये काम सुरू केलं होतं. त्यांतल्या दोघी नर्स आहेत. उरलेली मराठी घरं, बहुतेक घाटावरून बदलीने किंवा लग्नाने आलेली. उपासना हिंदीत, भजनं मराठीत, आणि प्रभूची प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत एकाच वेळी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कल्ला वाटतो.

पाळक मुंबईहून महिन्यातून एकदा येतात. प्रभुभोजन त्याच रविवारी. बाकीचे रविवार घरचीच माणसं निभावतात. लुथरने १५२० मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाबद्दल, म्हणजे प्रत्येक ख्रिस्ती माणूस देवापुढे पुरोहितच आहे याबद्दल, लिहिलं, त्याचा इथला अर्थ असा की चिरेखाणीचा मुकादम शास्त्रपाठ वाचतो आणि रात्रपाळी करून आलेली नर्स उपदेश करते. उपदेश लांबत नाही, तिला झोपायचं असतं.

मूठ

तांदळाची कल्पना झारखंडच्या बायकांची. त्यांना सगळे ‘दीदी’ म्हणतात. रोज भाताला तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी तो डबा मंडळीत आणून रिकामा करायचा. छोटानागपूरकडे ही रीत घराघरात आहे. मराठी घरांनाही ती परकी वाटली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरची मूठमूठ धान्याची वर्गणी जमायची, तो मुष्टिफंड आपल्याकडे ऐकून माहीत आहे.

बाईच्या मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम तांदूळ मावतो. म्हणजे एका घराचे महिन्याला सव्वा-दीड किलो आणि सगळ्या मंडळीचे पंचवीस-तीस किलो. गणपती झाले की जमवायला लागायचं आणि जूनमध्ये वाटायचं. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मे महिन्यापर्यंत त्या पिंपात पोरकिडे झालेले असायचे. एरंडेल चोळून झालं, बोरिक पावडर झाली, उन्हात घालून झालं. शिवाय तांदूळ सतरा जातींचा. दीद्यांच्या घरून रेशनचा जाडा, स्थानिक घरांतून उकडा, घाटावरच्यांकडून कोलम. एकत्र शिजवला तर कोलमचा गोळा होतो आणि उकडा टणकच राहतो. म्हणून तीन पिंपं झाली, आणि ती निवडणं, चाळणं, वाळवणं तीनच बायकांच्या अंगावर पडलं. मंडळीत ‘सेवा’ हा शब्द फार मोकळेपणाने वापरला जातो. सूप कोणाच्या हातात आहे ते सहसा कोणी बघत नाही.

पावसाळ्यात इथली नड कशी असते ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर फिरला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून शाकारतात. बाहेरचे खलाशी बहुतेक गावी जातात. बायकामुलं इथं आणलेले, पोरं इथल्या शाळेत घातलेले मात्र राहतात. हंगामाच्या आधी बोटमालकाकडून घेतलेली उचल कधीच फिटून-संपून गेलेली असते. बोटी बंद म्हणजे मासळीची आवक बंद, आणि मग कंपनीत कोलंबी सोलणाऱ्या बायकांनाही ‘आता ऑगस्टात या’ असं सांगतात. चिरेखाणीत पाणी भरतं, तिथलंही काम थांबतं. एका घरात नवरा खाणीवर आणि बायको कंपनीत असली तर दोन्ही मजुऱ्या एकाच आठवड्यात थांबतात.

रेशनचं धान्य आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे परगावी अंगठा लावूनही धान्य उचलता येतं. पण कार्डावर आठ माणसं, पाच गावाला आणि तीन इथं, आणि तिकडे थोरल्या भावाने सगळ्या कार्डाचं धान्य उचललेलं असलं, तर इथल्या दुकानात मशीन नकार देतं. तिथं दोष कोणाला देणार?

फोटो

त्या वर्षी जूनच्या उत्तरार्धात तांदळाच्या पिशव्या घरोघर पोचवायला मंडळीतले तरुण गेले. यादीत मंडळीतली घरं होती आणि खालच्या वाडीतली काही हिंदू घरंही होती. कंपनीत बरोबरीने काम करणाऱ्या बायकांनीच ती सुचवली होती. एका पोराने पिशवी देतानाचे फोटो काढले आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकले. वर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं वचन: मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं. संध्याकाळपर्यंत फोटो वाडीच्या ग्रुपवर होता.

फोटोतली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन हॉलच्या शेजारी राहणाऱ्या मुकादमाच्या दारात उभी राहिली. तिने पिशवीतला थोडा तांदूळ खर्चला होता. तेवढाच दुकानातून विकत आणून पिशवी पुन्हा भरली होती. ‘आमी काय भिकारी हाव काय, दादा? तांदूळ दिलात तो दिलात, फोटो कशाला काढलात?’ एवढंच बोलून ती गेली.

दोन दिवसांनी वाडीतले दोन तरुण आले. भांडायला नव्हे, विचारायला आले होते. तांदूळ देऊन माणसं ओढताय काय, असा सरळ प्रश्न. मुकादमाने नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून निघालेलं कॅलेंडर पुढे केलं. नाताळात छापलेली, उरलेली कॅलेंडरं कोणीतरी पिशव्यांत सरकवली होती; प्रत्येक महिन्याच्या पानावर एक वचन. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, रद्दीत जाण्यापेक्षा बरं म्हणून घातलेली. पण माझ्या मते त्या तरुणांचा संशय वाजवी होता. भुकेल्या माणसाला तांदळाबरोबर वचन दिलं की ते त्याला नको म्हणता येत नाही. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापुढे दिलेल्या साक्षीला, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल सांगण्याला, किती अर्थ राहतो, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःलाच विचारायचा असतो. तो बाहेरच्याने येऊन विचारावा लागला.

बैठक

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळे बसले. पाऊस इतका होता की पत्र्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, आणि त्यामुळे साधं बोलणंही भांडणासारखं वाटत होतं.

पहिला सूर असा निघाला की बाहेरच्यांना द्यायचं बंद करू. आपल्या घरांपुरतं ठेवू, कटकट नको. दुसरा याच्या उलट: आपण चांगलं करतो म्हणून लोक बोलतात, बोलू द्या, फोटो काढून टाका आणि चालू ठेवा. हा दुसरा सूर धार्मिक वाटतो, पण त्यात एक सोय आहे. लोक नावं ठेवतात याचा अर्थ आपण बरोबर आहोत असा काढला, की मग ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

मराठी घरातले एक गुरुजी, निवृत्त शिक्षक, म्हणाले की साक्ष द्यायचीच नाही तर आपण आणि रोटरी क्लब यात फरक काय? हा प्रश्न बराच वेळ हॉलमध्ये फिरत राहिला. उत्तर मुकादमाकडून आलं. लुथरचं १५२० चं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरचं लेखन त्याने वाचलेलं नाही, पण त्याचा गाभा त्याला लहानपणापासून पाठ आहे: सत्कृत्यांनी तारण मिळत नाही, ते कृपेने मिळतं, मग सत्कृत्य उरतं ते शेजाऱ्यासाठी. तो म्हणाला, ‘देवाच्या खात्यात काही जमा होत नाही हे आपणच सांगतो. मग फोटो कोणाच्या खात्यावर जमा करायला काढला?’ फोटो काढणारा पोरगा मागच्या रांगेत होता. त्याला कोणी उभं केलं नाही, हे मला बरं वाटलं.

मग एका थोरल्या दीदीने लहान प्रश्नोत्तरी काढली. लुथरचं हे १५२९ चं पुस्तक गोस्नर घरांत मुलं दृढीकरणाआधी, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीआधी, पाठ करतात. त्यात प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीचा अर्थ विचारलेला आहे, आणि उत्तरात अन्न-वस्त्राबरोबर घर, शेत, पैसा, चांगलं सरकार, चांगलं हवामान, आरोग्य, इमानी मित्र आणि विश्वासू शेजारी हे सगळं येतं. तिने ते हिंदीत वाचलं आणि म्हणाली, भाकर दिली आणि शेजारी गेला, तर काय दिलं?

तोवर सगळं पटण्यासारखं चाललं होतं, पण करायचं काय ते ठरत नव्हतं. नर्सने विचारलं, मुळात आपण हातात का देतो? दवाखान्यात गरीब पेशंटचं बिल कोणी भरलं तर ते काउंटरवर भरतं, खाटेपाशी नेऊन दाखवत नाही. तिथून दुकानाचा विषय निघाला.

वही

खालच्या वाडीतल्या किराणा दुकानात उधारीची वही असतेच. कोण अडलंय हे दुकानदाराला मंडळीपेक्षा आधी कळतं, कारण त्याची उधारी थकते. तो वाडीतल्या गणेशोत्सवाचा मोठा वर्गणीदार. त्याच्यावर धर्मांतराचा संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. ठरलं ते असं: जून-जुलैत नेहमीसारखी उधारी घ्यायची, आणि ठरलेल्या रकमेपर्यंतची उधारी ऑगस्टच्या सुरुवातीला मंडळी फेडणार. दुकानदाराने घराला फक्त ‘खातं मिटलं’ एवढंच सांगायचं. घरं कोणती, हे नर्स आणि वाडीच्या बचत गटातली एक बाई मिळून ठरवणार. यादी मंडळीत वाचायची नाही. तंबाखू-दारू धरायची नाही. सॅनिटरी पॅड धरायचे का, यावर पुरुष गप्प बसले आणि बायकांनी हो म्हणून टाकलं.

मूठ बंद करायची नव्हती. पण मिसळलेला तांदूळ दुकानदार घेणार कसा? मराठी आणि झारखंडी दोन्ही मंडळ्यांत कापणीच्या उपकारस्तुतीला नारळ, भोपळे, कोंबड्या आणून लिलाव करायची चाल आहे. तीच दर महिन्याला लावली. रविवारी जमलेला तांदूळ उपासनेनंतर पुकारायचा. घेणारा पुष्कळदा तो परत देतो आणि पुन्हा पुकारला जातो. दोन किलो जाड्या तांदळाचे तीनदा पैसे झालेले मी पाहिलेत. जो अगदीच खाण्यालायक नसतो तो कोंबड्या पाळणारं घर नेतं. तांदूळ महिनाभराच्या वर साठत नाही, त्यामुळे किडा लागत नाही, आणि तीन बायकांच्या हातचं सूप सुटलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, जिच्याबद्दल बैठकीत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पैसे ठेवायचे कुठे? मंडळी नोंदणीकृत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, आणि मंडळीच्या नावाचं बँक खातं त्यानंतरची गोष्ट. मी त्यांना लाइस्निगची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या त्या गावाने १५२३ मध्ये लुथरच्या सल्ल्याने मंडळीची सामायिक पेटी सुरू केली, गरिबांना मदत, पाळकाचा पगार, शाळा, सगळं त्यातून. दहा कारभारी: दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरपरिषदेचे, तीन गावातले, तीन आसपासचे शेतकरी. पेटीला चार वेगवेगळी कुलपं आणि प्रत्येक गटाकडे एक किल्ली. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. इथं पत्र्याच्या पेटीला दोन कुलपं लागली. एक किल्ली मुकादमाकडे, दुसरी नर्सकडे. तिची रात्रपाळी असली की पेटी उघडत नाही, आणि त्यावरून कुरकुर होते.

वहीतून काय निघालं

पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी वही तपासायला मी बसलो तेव्हा सगळ्यांत आधी लक्षात आलं की त्या घरांनी तांदूळ फारसा घेतलेलाच नव्हता. पानांवर होतं गोडेतेल, तूरडाळ, चहापावडर, साखर, कांदे-बटाटे, कपड्याचा साबण, मेणबत्त्या आणि शाळेच्या वह्या. सुकट घरात होती. तांदूळ ज्यांना मिळतो त्यांना रेशनवर मिळतोच, थोडा का होईना. अडतं ते तेल-डाळीवाचून, जे रेशनवर नेमाने मिळत नाही. म्हणजे इतके पावसाळे मंडळी देत होती ते त्यांच्याजवळ जमलेलं होतं. समोरच्याला काय लागतं ते विचारलेलंच नव्हतं. घेणाऱ्याच्या हातात निवड आल्याबरोबर हे एका पानात दिसलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. थोरल्या दीद्यांना हा बदल अजून मान्य नाही. ‘हमारी मुट्ठी पैसा बन गई,’ असं त्यातली एक मला म्हणाली. मूठ काढताना ती कोणा भुकेल्याच्या पानात पडणार हे डोळ्यांपुढे असतं. लिलावात ती अनुभूती जाते. त्यांच्यासाठी उकड्या तांदळाचं एक पिंप वेगळं ठेवलं आहे. पाळक येतात त्या रविवारी त्याची पेज आणि भाजी होते, हॉलचं दार उघडं असतं, कोणीही येऊन बसावं. वाडीतली पोरं येतात. मोठी माणसं अजून येत नाहीत.

दुकानदाराच्या भावांवरूनही एकदा वाजलं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पण मंडळी रोख फेडणार असताना तो चढा भाव का धरायचा? दुकानदार म्हणाला, पैसे दोन महिन्यांनी येतात, तोवर माझा माल अडकतो. यात तथ्य होतं. आता जूनच्या सुरुवातीला थोडी रक्कम आगाऊ देतात आणि भाव रोखीचा लावतात. चिठ्ठ्या जपून ठेवायला सांगितलं आहे. निम्म्या भिजून येतात.

आणि संशय? तो गेलेला नाही. ते तांदूळ वाटत होते, आता दुकानातून ओढतायत, असं म्हणणारे वाडीत आहेत. फरक एवढाच की आता दुकानदार स्वतः गिऱ्हाइकांसमोर त्यांच्याशी वाद घालतो. पिशवी परत करणाऱ्या बाईचं नाव बचत गटवाल्या बाईने दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा तिने आपली उधारी ऑगस्टाआधीच फेडून टाकली होती. फोटो काढणारा पोरगा गोव्याला हॉटेलात कामाला लागला.

यंदा मे महिन्यात बचत गटाकडून निरोप आला: वहीसाठी आम्हीही महिन्याला थोडे पैसे टाकतो, पण मग पेटीला तिसरं कुलूप लावा आणि त्याची किल्ली आमच्याकडे द्या. गुरुजींचा याला विरोध आहे. दानपेटी मंडळीची, किल्ली बाहेर कशी जाईल, असं त्यांचं म्हणणं. मुकादम आणि नर्स देऊन टाका म्हणतात. दीद्यांनी विचारलं, गटाच्या बायका मूठ काढतील का? दोन रविवार यावर बोलणं झालं. पुढच्या महिन्यात पाळक येतील तेव्हा ठरवायचं आहे. तोवर बंदी सुरू झालेली असेल, म्हणून दुकानदाराला आगाऊ रक्कम जुन्याच पेटीतून दिली आहे.